विजयमाला सिस्टरांचं रिटर्न

दरवर्षी जुलै महिन्यात एक दिवस दिंद्रुडच्या त्या घरात अमरसिंहरावांचा थाट बघण्यासारखा असायचा. सकाळी लवकर आंघोळ, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि काखेत एक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत बायकोचा फॉर्म सोळा, म्हणजे तिच्या वर्षभराच्या पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, पॅनकार्डाची झेरॉक्स आणि पासबुक. ‘सिस्टरचं रिटर्न भरून येतो’ असं गल्लीतल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगून ते माजलगावला निघायचे, ते दिवस कलल्यावरच परतायचे. आल्यावर पिशवी खाटेवर टाकायची, तांब्याभर पाणी प्यायचं आणि म्हणायचं, “भरलं एकदाचं. लई भानगडी हायेत तुज्या. मी हाय म्हणून निस्तरतंय.”

विजयमाला आरोग्यसेविका होती. उपकेंद्रावर नोकरी करून तिला बावीस वर्षं झाली होती. आसपासच्या पाच गावांतली निम्मी पोरं तिच्या हातची सुई खाऊन मोठी झालेली. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, अमरसिंहरावसुद्धा. कुणाला कधी कोणती लस द्यायची, कुणाचं रक्त कमी आहे, कोण नवव्या महिन्यात आहे हे तिला वही न उघडता सांगता यायचं. सरकारनं मोबाइलवर भरायला दिलेले तऱ्हेतऱ्हेचे तक्ते ती गाडीवर बसल्या बसल्या भरायची. पण जुलैच्या त्या संध्याकाळी ती नवऱ्यासाठी शेवयाची खीर करायची आणि मनातल्या मनात उपकार मानायची. आपल्या भानगडी काय आहेत, हे तिनं एकदाही विचारलं नाही. विचारायला भीती वाटायची, हे खरं कारण.

मग चार वर्षांपूर्वी अमरसिंहरावांनी बीडला दुसरं बिऱ्हाड केलं. पंचायत समितीच्या निवडणुकीत पडलेला माणूस कुठं ना कुठं जिंकायला बघतो, असं गावात लोक हसून म्हणायचे. विजयमालाला हसू येत नव्हतं. तिनं तीन वर्षं कळ काढली, पोरीची बारावी होऊ दिली. तेजश्री बीडला कॉलेजात गेली तशी हिनं दिंद्रुडचं घर सोडलं आणि माजलगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दोन ट्रंका, एक गॅस, कुकर आणि शिलाईचं मशीन टेम्पोत टाकून ती निघून आली.

घटस्फोट दोघांच्या संमतीनं घ्यायचा ठरला. वकिलांनी मसुदा केला. पोटगी नको, दागिने ज्याचे त्याला, पोरीचं शिक्षण दोघांनी बघायचं. अडलं ते एका कलमावर. माजलगावच्या बायपासला एक प्लॉट होता. विजयमालानं सोसायटीचं कर्ज काढून घेतलेला, हप्ते पगारातून कापून गेलेले, सातबाऱ्यावर तिचंच नाव. त्यावर दोन खोल्या बांधायच्या, पुढं पेरूचं एक झाड लावायचं, एवढं तिचं ठरलेलं होतं. झाड कोणत्या कोपऱ्यात लावायचं हेसुद्धा ठरलं होतं.

ऑगस्टच्या शेवटी अमरसिंहराव त्या भाड्याच्या खोलीवर आले. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाहुण्यासारखे टेकले. तिनं चहा केला. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विषय काढला.

“प्लॉटचं काय ठरवलंस?”

“ठरवायचं काय त्यात? माज्या पगारातून घेतलाय. माज्या नावावर हाय.”

“नावावर हाय म्हणूनच म्हणतो.” त्यांनी आवाज खाली आणला. “इन्कम टॅक्सवाल्यांकडं तुज्या नावावर लई काय काय हाय. बावीस वर्षं मी दाबून धरलंय. उद्या मी हात काढून घेतला आन् नोटीस आली, तर आधी तुजी नोकरी जाईल. पेन्शन तर इसरूनच जा.”

“काय काय हाय म्हंजे काय हाय?”

“तुला न्हाई कळायचं ते. प्लॉट माज्या नावावर करून दे, मी तुजं रिटर्न जन्मभर भरतो. एकोणीस सप्टेंबरला कोर्टात सह्या हायेत. बग बाई, तुज्याच भल्याचं हाय.”

जन्मभर! घटस्फोटाच्या बोलणीत हा शब्द वापरायची हिंमत फक्त अमरसिंहरावच करू शकतात. पण विजयमालाला तेव्हा ते जाणवलंही नाही. नोकरी गेली तर पोरीचं शिक्षण, खोलीचं भाडं, सगळंच गेलं. ते गेल्यावर ती बराच वेळ कपबशी धरून उभी राहिली. नंतरचे तीन दिवस लसीकरणाच्या डब्यातला बर्फ भरतानासुद्धा तिला तेच आठवत होतं. सही करून टाकावी, असं दिवसातून दहादा वाटायचं. प्लॉट काय, दगडमाती.

अखेर तेजश्रीनं फोनवर तिला झापलं. “मम्मी, तू लोकांच्या बीपीच्या गोळ्या बघतीस आन् स्वतःच्या कागदाला घाबरतीस? कुणाला तरी दाखव की आधी!”

बसस्टँडसमोर करिष्मा नावाच्या तिशीतल्या एका बाईचं छोटं ऑफिस होतं. एक टेबल, दोन कॉम्प्युटर, वर पंखा आणि बाहेर ‘रिटर्न भरून मिळेल’ अशी पाटी. यंदा मुदत वाढून पंधरा सप्टेंबरपर्यंत गेली होती, त्यामुळे गर्दी होती. विजयमालाचा नंबर लागला तेव्हा तिनं फॉर्म सोळा पुढं ठेवला आणि एकदम सगळं बोलून टाकलं. नवरा, प्लॉट, भानगडी, नोटीस, सगळं.

करिष्मानं शांतपणे ऐकलं. “ताई, भानगड हाय का न्हाई हे तुमच्या खात्यात शिरल्याबिगर मला नाही सांगता यायचं. पासवर्ड काय हाय?”

“मला नाही माहीत.”

“हरकत न्हाई. ओटीपी मागवून नवा करता येतो. आधारला कोणता मोबाइल जोडलाय?”

“घरचा नंबर.”

“घरचा म्हंजे?”

“ह्यांचा,” विजयमाला म्हणाली, आणि म्हणताना तिलाच कसंतरी झालं.

करिष्मानं की-बोर्डवरून हात काढले. आता तिच्या खात्याचं कुलूप उघडायचा आकडा अमरसिंहरावांच्या खिशात वाजणार होता. कुलूप तिचं, आतला माल तिचा, आणि किल्ली त्यांच्याकडं.

हा घरचा नंबर काय प्रकार असतो ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. गावात आधारचं शिबिर लागलं तेव्हा देवळाच्या सभामंडपात घरातल्या सगळ्या बायका रांगेनं बसल्या होत्या. सासू, जाऊ, विजयमाला. टेबलावरच्या माणसानं मोबाइल विचारला की तिघींनी एकच नंबर सांगितला. बायकांजवळ फोन असायचे, नाही असं नाही. पण ते बहिणीशी बोलायला. कागदावर जायचा तो कारभाऱ्याचाच. आणि दुसऱ्याला कशाला नावं ठेवायची? विजयमालानं स्वतः शेकडो गरोदर बायांची नोंदणी केली होती आणि मोबाइलच्या रकान्यात न विचारता नवऱ्याचाच नंबर लिहिला होता. करिष्मासमोर बसल्या बसल्या तिला ते आठवलं आणि ती ओशाळली.

“आधार केंद्रावर जा,” करिष्मा म्हणाली. “आठेक दिवस लागतात नंबर बदलायला. आज दोन तारीख. उद्या गेलात तर जमतंय. उशीर करू नका.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती आधार केंद्रावर गेली. तिथं व्हरांड्यापासून रस्त्यापर्यंत रांग. दिवाळी आली की ऊसतोडीला जायचं, म्हणून तोडणीवाल्या बाया आपापले कागद नीट करून घ्यायला आलेल्या. तिच्या पुढं चंद्रभागाबाई निघाली. साठीची, काटक, कपाळावर हिरवं गोंदण. तिच्या सुनेचं बाळंतपण विजयमालानंच केलेलं.

“सिस्टर, तुमी कावून रांगेत? तुमाला तर साहेब लोक आत घेत्याल.”

“इथं कोण घेतंय आत! नंबर बदलायचा हाय. तुमचं काय?”

“माजं बी तेच. आवो, माज्या आधारला आमच्या तोडणीच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर हाय. पंधरा वर्सं झाली. बँकेचा मेसेज त्याला, राशनचा त्याला. मला काय मिळालं ते मला त्याच्याकडून कळतंय. आता लेकीचा नंबर टाकते.” आणि चंद्रभागाबाईनं डोळे मिटून लेकीचा नंबर म्हणायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, दहादा. भजनाच्या चालीत. मध्येच एखादा आकडा चुकला की पहिल्यापासून.

“पाठ काय करताय एवढं? चिठ्ठीवर लिहून आणायचा,” विजयमाला हसली.

“चिठ्ठी हरवती. त्यातून तिथं गेलं की तोंडात मुकादमाचाच येतो. दोनदा असंच झालंय, उगाच न्हाई.”

विजयमालाला गंमत वाटली. शिकलेल्या माणसाला वाटते तशी.

तिचा नंबर दुपारी लागला. बोटं यंत्रावर ठेवली तर उमटेनात. बावीस वर्षं स्पिरिट आणि साबणानं धुतलेली बोटं, रेघा राहणार कुठून? पुसून बघितली, फुंकर मारून बघितली. यंत्र आपलं लाल दिवा दाखवत बसलं. आता हे पण बंद, असं वाटलं. मग केंद्रावरच्या माणसानं डोळ्यांचं यंत्र काढलं. “इकडं बगा मॅडम. हलू नका.” हिरवा दिवा लागला. जीव भांड्यात पडला.

“मोबाइल नंबर सांगा.”

तिनं दहा आकडे धडाधड सांगितले. पैसे दिले, पावती घेतली आणि हलक्या पावलानं बाहेर आली. रसवंतीवर एक ग्लास रस प्यायली, तोही बर्फ घालून.

घरी येऊन चष्मा लावून पावती वाचली, तेव्हा कळलं. दहाच्या दहा आकडे अमरसिंहरावांचे होते.

ती खालीच बसली. रडूही येईना. जुना नंबर काढून पुन्हा तोच टाकून आली होती ती, वर पन्नास रुपये देऊन. बावीस वर्षं जिथं तिथं सांगून तो नंबर जिभेवर बसला होता, आणि स्वतःचा सांगायची वेळच कधी आली नव्हती. आपला नंबर काय हे तिला फोनमध्ये बघावं लागलं. निरक्षर चंद्रभागाबाईनं रांगेत उभं राहून पाठांतर केलं, आणि ही शहाणी सिस्टर तिला हसत होती. मग मात्र विजयमालाला स्वतःचा असा काही राग आला की डोळ्यातनं पाणी काढूनच तो थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायच्या आधी ती दारात हजर होती. डाव्या तळहातावर बॉलपेननं दहा आकडे ठसठशीत लिहिलेले. लसीच्या बाटलीवर तारीख लिहितात तसे. माणसानं नंबर विचारला तेव्हा तिनं हात त्याच्यासमोर धरला आणि तोंड गच्च मिटून घेतलं. त्यानं टाइप केलेला एकेक आकडा तिनं पडद्यावर हाताशी लावून बघितला.

“काल तर तुमी आलत्या ना मॅडम?”

“आलते. काल चुकीच्या माणसाचा दिला.”

त्यानंतर वाट बघणं. पाच तारीख, सात तारीख, दहा तारीख. पाऊस असा लागला होता की सिंदफणा दुथडी वाहत होती, रस्ते तुटत होते. तशात ती वस्त्यांवर क्लोरीनच्या गोळ्या वाटत हिंडत होती आणि दर तासाला फोन बघत होती. अमरसिंहरावांचा मधेच एकदा फोन आला. “पंधरा तारीख जवळ आली बरं का. मसुद्यात प्लॉटचं कलम टाकायला सांगितलंय वकिलाला.” तिनं हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. नाही म्हणायला अजून हातात काहीच नव्हतं.

बारा तारखेला एका तांड्यावर असताना फोन वाजला. मोबाइल क्रमांक आधारला जोडला गेला आहे, असा मेसेज. चिखलात उभं राहून तिनं तो तीनदा वाचला. सोबतच्या आशाताईनं विचारलं, “सिस्टर, काय झालं?” तर म्हणाली, “मला मेसेज आला.” आशाताईला त्यात काय विशेष ते कळलं नाही.

तेराला ती करिष्मापुढं बसली. करिष्मानं तिचा पॅन नंबर टाकला, काही बटणं दाबली आणि म्हणाली, “आता तुमच्या फोनवर येईल बगा.”

आला. विजयमालानं सहा आकडे मोठ्यानं वाचले. नवा पासवर्ड तिनं स्वतःच्या हातानं टाकला. करिष्मानं मान दुसरीकडं वळवली होती. खातं उघडलं.

“आता बगू तुमच्या भानगडी,” करिष्मा म्हणाली आणि एकेक पान उघडत गेली. विजयमाला पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. पंखा फिरत होता. बाहेर कंडक्टर परळी परळी ओरडत होता.

“ताई, इथं नोटिसा असतात. एक पण न्हाई.”

“नीट बघा.”

“नीटच बगते. थकबाकी इथं दिसती, ती पण न्हाई. जुनी रिटर्नं ही बगा, खात्यात दिसतात ती सगळी सरळ भरलेली हायेत. तुमचं उत्पन्न एकच, पगार. त्याच्यावरचा टॅक्स दरवर्षी ऑफिसच कापून भरतंय. खोटी वजावट न्हाई, काही न्हाई.” करिष्मानं खुर्ची वळवली. “ताई, तुमच्याइतकं साधं रिटर्न माज्याकडं आठवड्यात एखादंच येतं.”

“मग ते भरायला एक अख्खा दिवस का लागायचा?”

“दिवस? घड्याळ लावा.”

यंदाचं रिटर्न भरायला वीस मिनिटं लागली. त्यातली सात संकेतस्थळ अडकून पडलं म्हणून. शेवटी पुन्हा एक ओटीपी, तोही तिच्याच फोनवर, आणि पडद्यावर हिरवी खूण. मग करिष्मानं खात्यातला संपर्काचा नंबर पण बदलून दिला.

“झालं,” ती म्हणाली.

“एवढंच?”

“एवढंच.”

विजयमालाला आधी हसू आलं. ते थांबेना. मग हसता हसता ती रडायला लागली, आणि बाकावर बसलेले दोन शेतकरी अवघडून बाहेर बघायला लागले. करिष्मानं पाण्याची बाटली पुढं केली. बावीस खिरी! बावीस वर्षं वीस मिनिटांच्या कामासाठी ती शेवया शिजवत होती. राग यायला हवा होता, थोडा आलाही; पण त्याच्याहून मोठं काहीतरी अंगावरून उतरलं होतं आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की उठून उभं राहताना तिनं टेबलाला धरलं.

एकोणीस तारखेला बीडच्या कोर्टात ती वेळेच्या आधी पोचली. तेजश्री कॉलेज बुडवून आली होती. व्हरांड्यात वकिलांनी मसुदा हातात दिला. विजयमालानं चष्मा लावला, बाकावर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं.

“हे काढा.”

“आपलं बोलणं झालंय की,” अमरसिंहराव पुढं आले.

“तुमचं झालंय. माजं न्हाई झालं.”

“आन् टॅक्सचं? पंधरा तारीख गेली, माहीत हाय का?”

“भरलं. तेराला.”

“कुणी?”

“मी.”

त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग पोरीकडं. आवाज खाली आला. “आन् ते... नोटिशीचं?”

“काहीच न्हाई. कधी नव्हतंच.”

विजयमालाला वाटलं होतं, आता चिडतील, नाहीतर हसण्यावारी नेतील. पण अमरसिंहरावांचा चेहरा खरोखरच चक्रावलेला होता. “न्हाई कसं?” ते म्हणाले. “तो रिटर्न भरणारा माणूस तर दर साली म्हणायचा, लई किचकट हाय, बसा दिवसभर. मी त्याच्याकडं पिशवी द्यायचो आन् समोरच्या हॉटेलात बसायचो. त्यानं बोलावलं की जायचो. मी कवा बगितलंय आत काय असतंय ते?”

म्हणजे हा माणूससुद्धा घाबरलेलाच होता. त्याला जी भीती कुणीतरी दिली, तीच त्यानं घरी आणून तिला दिली, आणि पुढं त्या भीतीच्या जोरावर प्लॉट मागितला. विजयमालाला त्याची कीव आली. पण कीव आली म्हणून तिनं बोट कलमावरून काढलं नाही. वकिलांनी सातवं कलम खोडलं, दोघांनी शेजारी सह्या केल्या. आत न्यायाधीशांनी विचारलं, हे सगळं तुमच्या मर्जीनं चाललंय का, तेव्हा तिनं ‘हो’ म्हटलं ते इतकं स्पष्ट की मागच्या बाकावरच्या बाईनं मान वर केली.

बाहेर पायऱ्यांवर अमरसिंहराव रेंगाळले. तेजश्री पाणी आणायला गेली होती. इकडं तिकडं बघून त्यांनी घसा साफ केला.

“ते... माजं या सालचं भरायचं राहून गेलंय. तो माणूस लातूरला निघून गेला. तुजी ती बाई बसती कुठं?”

विजयमालाला टोमणा मारता आला असता. ओठावर चांगला तयारच होता. पण तो मारावासा वाटेना, आणि वाटत नाही याचंच तिला बरं वाटलं.

“माजलगावला, बसस्टँडसमोर. आता उशिराचा दंड बसंल, तो भरून टाका,” ती म्हणाली. “घाबरू नका. आत काही नसतंय.”